अमेरिकेतल्या पार्कात कॅम्प होस्ट व्हायचंय? अर्ज टाकण्याआधी हे वाचा, आणि याच क्रमाने करा

दर वर्षी फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला ओळखीतल्या कुणाचा तरी फोन येतोच. रिटायर झालोय, आरव्ही घेतलीय, उन्हाळ्यात एखाद्या नॅशनल पार्कात कॅम्प होस्ट म्हणून राहायचंय, बऱ्याच ठिकाणी अर्ज टाकले पण एकाचंही उत्तर नाही, आता काय करू? (आरव्ही म्हणजे आत राहता येईल अशी गाडी किंवा ट्रेलर, आणि कॅम्प होस्ट म्हणजे कॅम्पग्राउंडमध्येच राहून तिथली देखभाल आणि पाहुण्यांना मदत करणारा माणूस.) अर्ज दाखवा म्हटलं की कारण बहुतेक वेळा पहिल्या चार ओळींतच सापडतं. तारखा नाहीत, गाडीची लांबी नाही, आणि नोकरीला जोडतात तसा दोन पानी रेझ्युमे, ज्यात प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं पीएमपी सर्टिफिकेट आहे पण गळका नळ दुरुस्त करता येतो का ते कुठेच नाही.

एक गोष्ट आधी पक्की करून घ्या. हा अर्ज कुठल्या कंप्युटरकडे जाऊन निवड होत नाही, तो एका माणसाकडे जातो. पार्कातला रेंजर किंवा व्हॉलंटियर कोऑर्डिनेटर. त्याच्याकडे अमुक एका कॅम्पग्राउंडमधली होस्टची साइट मे ते सप्टेंबर रिकामी आहे आणि तिथे त्याला चार महिने कुणाशी न भांडता राहणारं, संडास स्वच्छ ठेवणारं, मध्येच निघून न जाणारं कुणीतरी हवंय, बस. तुमचा अर्ज वाचून त्याला "हे लोक येतील, मावतील, टिकतील" असं वाटलं पाहिजे. खालचं सगळं त्याच्या खुर्चीत बसून लिहिलंय.

आणि मिळतं काय, तर राहायला फुकट साइट, बहुतेक ठिकाणी वीज-पाणी आणि सांडपाण्याच्या जोडणीसकट. पगार नाही. काही पोस्टना पेट्रोलचे किंवा जेवणाखाण्याचे थोडे पैसे मिळतात पण ते धरून चालू नका.

## १. सगळ्यात आधी व्हिसा

हे शेवटी बघू म्हणणारे खूप आहेत म्हणून पहिल्या नंबरावर टाकलंय.

तुम्ही अमेरिकन नागरिक असाल किंवा ग्रीनकार्ड असेल तर पुढे जा. नोकरीच्या एच-१बी वर, त्याच्या जोडीदाराच्या एच-४ वर, किंवा मुलाकडे आलेले आईवडील बी-२ या पाहुण्यांच्या व्हिसावर असतील तर थांबा. "पैसे घेत नाही, मग काय प्रॉब्लेम" हे आपलं लॉजिक इथे पुरत नाही, कारण कामाच्या बदल्यात मिळणारी फुकट साइट, वीज, पाणी हे मोबदला म्हणून धरलं जाऊ शकतं आणि मग ते व्हिसाच्या अटींच्या आड येतं. इमिग्रेशन वकिलाला लेखी विचारा, व्हॉट्सअप ग्रुपवर नको. नॅशनल पार्क सर्व्हिसचा परदेशी व्हॉलंटियरसाठी वेगळा कार्यक्रम आहे, जे-१ या एक्स्चेंज व्हिसावर चालणारा, पण त्याची वाट वेगळी आहे आणि आरव्ही घेऊन होस्ट व्हायला निघालेल्या जोडप्याच्या तो सहसा कामाचा नसतो.

सावधान: तुम्ही होस्ट आहात आणि पुण्याहून आईबाबा दोन महिन्यांसाठी येऊन तुमच्याच साइटवर राहणार आहेत, हेही आधी सुपरवायझरला विचारायचं. होस्टच्या साइटवर कोण आणि किती दिवस राहू शकतं याचे नियम असतात. आणि बाबांना "जरा फायर रिंग (शेकोटीची लोखंडी कडी) साफ करायला मदत करतो" म्हणून फावडं हातात घेऊ देऊ नका, त्यांचं नाव कुठल्याही कागदावर नाही.

## २. गाडी मोजा, मग स्वतःला मोजा

टेप घेऊन खाली उतरा. ब्रोशरमधली लांबी नको, खरी लांबी हवी. ट्रेलर असेल तर पुढच्या कपलरपासून (ट्रेलर गाडीला जोडायचं टोक) मागच्या बंपरपर्यंत, मागे सायकलचा रॅक असेल तर तोही धरून. स्लाइड-आउट (बाहेर सरकणारा खोलीचा भाग) बाहेर काढल्यावर रुंदी किती होते आणि कुठल्या बाजूला, हे लिहून ठेवा. जुन्या पार्कांतल्या साइट्स लहान गाड्यांसाठी आखलेल्या आहेत, दोन फुटांसाठी पोस्ट हुकते.

वीज ३० अँपची की ५० अँपची? ३० ला तीन पिना, ५० ला चार. अडॅप्टर लावून ५० ची गाडी ३० वर चालते पण दोन एसी एकत्र चालणार नाहीत, आणि ॲरिझोनात मेमध्ये हा फरक कळतो. जाहिरातीत सांडपाण्याची जोडणी नाही असं लिहिलं असेल तर तुमचा ब्लॅक टँक (संडासाच्या मैल्याची टाकी) किती दिवसांत भरतो आणि तो रिकामा करायच्या डम्प स्टेशनपर्यंत गाडी हलवावी लागेल का, याचा हिशोब आत्ता करा, तिथे पोचल्यावर नाही.

रस्तासुद्धा बघा. ग्लेशियर पार्कातल्या गोइंग-टू-द-सन रोडच्या मधल्या डोंगराळ भागात २१ फुटांपेक्षा लांब गाडी नेता येत नाही, बंपर धरून. म्हणजे पूर्वेच्या बाजूची पोस्ट घेतलीत आणि पश्चिमेकडून आलात तर मधून जायचं नाही, पार्काला बाहेरून वळसा.

आता शरीर. इथे खोटं बोलून काही मिळत नाही. रॉकी माउंटन पार्कातली सगळी कॅम्पग्राउंड्स ८,००० फुटांच्या वर आहेत, हृदयाचा किंवा श्वासाचा त्रास असेल तर डॉक्टरला विचारूनच. डेथ व्हॅलीतलं फर्नेस क्रीक समुद्रसपाटीच्या खाली आहे आणि तिथे लोक हिवाळ्यातच होस्ट म्हणून जातात, त्याला कारण आहे. बिग बेंडला जायचं म्हणाल तर मोठ्या किराणा दुकानासाठी अल्पाइन गाठायचं, म्हणजे एका बाजूने शंभर मैलांच्या आसपास. डायबेटिसची औषधं, इन्सुलिनचा फ्रिज, तूरडाळ आणि भाकरीचं पीठ, सगळ्याचा विचार त्या अंतराने करा.

६५ च्या वरच्यांनी मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा, कुठलं आहे ते बघा. ओरिजिनल मेडिकेअर देशभर चालतं. खाजगी कंपन्यांच्या ॲडव्हांटेज प्लॅनचं नेटवर्क मात्र बऱ्याचदा तुमच्या भागापुरतं असतं, इमर्जन्सी कव्हर होते पण चार महिने दुसऱ्या राज्यात असताना साधी तपासणी अडते.

तपासा: एका कागदावर गाडीचा प्रकार, खरी लांबी, वर्ष, अँप, टँक, मागे ओढून आणायची किंवा सोबतची दुसरी गाडी, पाळीव प्राणी, दोघांच्या तब्येतीच्या मर्यादा. हा कागद नसेल तर तिसऱ्या पायरीवर जाऊ नका.

## ३. कॅम्पग्राउंड कोणाचं आहे ते शोधा

बाहेरून सगळी सारखीच दिसतात. तेच लाकडी टेबल, तीच फायर रिंग. पण मालक वेगळे आणि अर्जाची दारं वेगळी.

नॅशनल पार्क सर्व्हिस, फॉरेस्ट सर्व्हिस (जंगल खातं), बीएलएम (सरकारी जमिनींचं खातं), आर्मी कोअर ऑफ इंजिनियर्स (लष्कराचं इंजिनियरिंग खातं), ही फेडरल, म्हणजे केंद्र सरकारची मंडळी. यांच्या बहुतेक पोस्ट व्हॉलंटियर डॉट गव्ह या वेबसाइटवर सापडतात. राज्यांची पार्कं पूर्णपणे वेगळी. कॅलिफोर्निया, ओरेगन, टेक्सास, फ्लोरिडा, प्रत्येकाची स्वतःची वेबसाइट, स्वतःचा फॉर्म, स्वतःची मुदत. काउंटीची पार्कं आणखी वेगळी, तिथे कधीकधी ऑफिसला जाऊन विचारणं हाच अर्ज असतो.

सगळ्यात जास्त गोंधळ फॉरेस्ट सर्व्हिसच्या बाबतीत होतो. त्यांची बरीच कॅम्पग्राउंड्स खाजगी कंपन्या कंत्राटावर चालवतात, आणि त्या कंपन्यांचा होस्ट हा पगारी नोकर असतो, व्हॉलंटियर नाही. तासाचा पगार, टॅक्स कापणी, पैसे गोळा करायची जबाबदारी, सगळं आलं. ते वाईट आहे असं नाही, काहींना तेच बरं पडतं. पण तिथे अर्ज कंपनीकडे करायचा असतो आणि रेंजर ऑफिसला मेल पाठवून महिनाभर वाट बघणाऱ्यांना हेच कुणी सांगितलेलं नसतं. आर्मी कोअरकडे पण असंच, व्हॉलंटियर होस्ट वेगळा आणि कंत्राटावरचा पार्क अटेंडंट वेगळा.

पहिल्यांदाच करताय? मग माझं मत स्पष्ट आहे, यलोस्टोन-योसेमिटीच्या मागे लागू नका. तिथे वर्षानुवर्षं परत येणारे होस्ट असतात आणि त्यांना पहिला मान मिळतो. स्टेट पार्क किंवा आर्मी कोअरचं एखादं तळ्याकाठचं कॅम्पग्राउंड घ्या, एक सीझन नीट करा, सुपरवायझरचा रेफरन्स घ्या. पुढच्या वर्षी तोच रेफरन्स मोठ्या पार्कात दार उघडतो.

सावधान: सरकारी व्हॉलंटियर पोस्टला अर्ज करायला फी नसते. कुणी "प्रोसेसिंग"चे पैसे मागत असेल तर तिथूनच मागे फिरा.

## ४. कॅलेंडर उलटं चालतं

उन्हाळ्याच्या पोस्टची जुळवाजुळव आधीच्या हिवाळ्यात होते आणि हिवाळ्याच्या वाळवंटातल्या पोस्टची त्याआधीच्या उन्हाळ्यात. मार्चमध्ये जागे झालात तर चांगल्या जागा गेलेल्या असतात. मेपासून जायचं असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून वेबसाइट बघायला लागा, दिवाळीचा फराळ संपला की लगेच असं म्हणा हवं तर.

पण मार्च उजाडला म्हणून सगळं संपलं असंही नाही. ठरलेले होस्ट आजारी पडतात, गाडी बिघडते, घरात काही होतं, आणि एप्रिल-मेमध्ये कोऑर्डिनेटर घाईत माणूस शोधत असतो. अशा वेळी ज्याच्या तारखा मोकळ्या आणि गाडी तयार आहे त्यालाच फोन जातो. त्यामुळे "या सीझनला नाही" असं उत्तर आलं तर आभार मानून एक ओळ टाका, ऐनवेळी कुणी गळलं तर आम्ही आठवड्याभरात पोचू शकतो. ही ओळ खरी असेल तरच टाका.

तारखांमध्ये घरचं कॅलेंडर धरा. जूनमध्ये नातवाची मुंज, ऑगस्टच्या शेवटी गणपती, आणि मध्येच जुलैमध्ये मराठी मंडळांच्या अधिवेशनाला जायचं. हे सगळं असेल तर चार महिन्यांची पोस्ट घेऊ नका. ओरेगनसारख्या राज्यांत महिन्याभराच्या पोस्ट मिळतात, त्या घ्या. जुलै चारचा (स्वातंत्र्यदिन) आणि सप्टेंबरच्या सुरुवातीच्या लेबर डेचा वीकेंड सुट्टी मागायचा नसतो, होस्टची खरी गरज त्याच दिवशी असते.

## ५. जाहिरात ओळीओळीने वाचा

इथेच बहुतेक लोक घसरतात. फोटोतला डोंगर बघतात आणि खालचं वाचत नाहीत. प्रत्येक जाहिरातीतून एवढी उत्तरं काढा, नसतील तर तेवढेच प्रश्न विचारायला बाजूला काढा.

तास किती आणि कुणाचे? आठवड्याला २० ते ३० तासांच्या आसपास बऱ्याच ठिकाणी मागतात, पण "३२ तास" हे प्रत्येकी आहेत की जोडप्याचे मिळून, हा प्रश्न आधी. फेडरल ठिकाणी ज्याचे २५० तास भरतात त्याला वर्षभराचा अमेरिका द ब्युटिफुल व्हॉलंटियर पास (फेडरल पार्कांचा प्रवेश पास) फुकट मिळतो, तास माणशी मोजतात. समजा बारा आठवडे प्रत्येकी २४ तास केलेत तर २८८ होतात, दोघांनाही पास. पण ३२ तास दोघांत वाटले तर माणशी १६, बारा आठवड्यांत १९२, म्हणजे पास नाही. अर्थात तास पुढच्या वर्षीच्या कामात मिळवता येतात, वाया जात नाहीत.

सलग दिवस सुट्टी मिळते का? आठवड्यात दोन दिवस सुट्टी आहे पण त्या दिवशी साइटवर राहायचं की बाहेर जाता येतं? काही ठिकाणी दोन होस्ट आळीपाळीने असतात, काही ठिकाणी तुम्ही एकटेच आणि रात्री दार वाजलं तर तुमचंच वाजणार.

कामं नेमकी कुठली? "विविध मेंटेनन्स" म्हणजे काय? फायर रिंगमधली राख काढणं, साइट झाडणं, आरक्षणाची यादी खांबांवर लावणं आणि यादीप्रमाणे माणसं आहेत का बघणं, लोकांना नकाशे देणं, कचरा उचलणं, आणि टॉयलेट. टॉयलेटमध्ये फक्त पेपर भरायचा की पूर्ण धुवायचं, फ्लशचं आहे की खड्ड्यावरचं व्हॉल्ट टॉयलेट? हे विचारायला लाजू नका. तिथे गेल्यावर नाक मुरडण्यापेक्षा आत्ता विचारलेलं शंभरपटीने बरं. आपल्याकडच्या काही लोकांना हे काम "आपलं" वाटत नाही, त्यांनी सरळ व्हिजिटर सेंटरमधली पोस्ट शोधावी, कॅम्प होस्टच्या वाटेला जाऊ नये.

मोबाइलला रेंज आहे का, आणि कुठल्या कंपनीची? पार्काकडून रेडिओ मिळतो का? आजूबाजूला अस्वलं आहेत का? योसेमिटी, सिक्वोया अशा ठिकाणी खाणं लोखंडी फूड लॉकरमध्ये ठेवायला लोकांना सांगणं हा होस्टच्या दिवसाचा मोठा भाग असतो. मग तुमचीही कैरीच्या लोणच्याची बरणी रात्री बाहेर टेबलावर राहून चालणार नाही.

तपासा: तारीख, लांबी, तास, या तिन्हींपैकी एक जरी जुळत नसेल तर त्या जाहिरातीला अर्ज करू नका. "बघू, ॲडजस्ट करतील" हे इथे होत नाही. पाच जुळणारे अर्ज पंचवीस न जुळणाऱ्यांपेक्षा जास्त काम करतात.

## ६. अर्ज भरणं

फेडरल वेबसाइटवर आधी खातं उघडावं लागतं. दोघांचीही खाती वेगवेगळी उघडा. नवऱ्याच्या अर्जात "माझी बायकोपण येईल" असं एका ओळीत लिहून संपवणं ही हमखास दिसणारी चूक आहे, कारण करार प्रत्येकाचा वेगळा होतो, तपासणी प्रत्येकाची वेगळी होते. दोन्ही अर्जांत एकमेकांचं नाव आणि "आम्ही एकत्रच काम करणार" हे लिहा.

अनुभवाच्या रकान्यात हुद्दा नको, हातांना काय येतं ते. वीस वर्षं आयटीत डायरेक्टर होतो याने कोऑर्डिनेटरचं काही अडत नाही आणि काही सुटतही नाही. त्यापेक्षा सोसायटीच्या पाण्याच्या टाक्यांची देखभाल बघायचो, गोल्फ कार्ट चालवता येते, गवत कापायचं मशीन दुरुस्त करतो, महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत पाचशे माणसांच्या जेवणाची रांग सांभाळलीय, मराठी-हिंदी-इंग्रजी बोलतो, थोडं स्पॅनिश येतं. ही सगळी कामाची माहिती आहे. मंडळाचं काम लोक लिहीतच नाहीत, का कुणास ठाऊक. चिडलेल्या पाहुण्यांना शांतपणे समजावण्याचा त्याहून मोठा अनुभव कुठे मिळणार आहे?

कॅम्पिंगचा अनुभव मोकळेपणाने लिहा. कमी असेल तर कमी लिहा, पण कुठे आणि कशा गाडीतून राहिलात ते लिहा. प्रथमोपचार आणि सीपीआरचा कोर्स रेड क्रॉसकडे होतो, तो करून टाका, चालू तारखेचं सर्टिफिकेट अर्जात उठून दिसतं.

रेफरन्स इथलेच द्या. भारतातल्या जुन्या बॉसचा नंबर दिला तर वेळेच्या फरकामुळे फोन लागतच नाही आणि तुमचा अर्ज बाजूला पडतो. शेजारी, मंदिरातला किंवा लायब्ररीतला व्हॉलंटियर प्रमुख, आधीचा मॅनेजर चालेल. आणि त्यांना आधी सांगून ठेवा, अनोळखी नंबर आजकाल कोणी उचलत नाही.

तब्येतीबद्दल प्रश्न असतो, तिथे "काही नाही" असं सवयीने लिहू नका. गुडघा बदललाय, शिडीवर चढत नाही, असं लिहिलं तर त्याप्रमाणे काम देतात.

सावधान: राहण्याच्या सोयीबद्दलच्या प्रश्नाला स्पष्ट उत्तर द्या, स्वतःची आरव्ही आहे, इतक्या फुटांची. काही मोजक्या पोस्टमध्ये पार्काचा ट्रेलर किंवा केबिन मिळतं, पण तुम्हाला ते हवंय की नको हे त्यांना अर्जातून कळलं नाही तर ते विचारत बसत नाहीत.

## ७. अर्जानंतरचा मेल

अर्ज टाकून गप्प बसायचं नाही. जाहिरातीत संपर्काचा माणूस दिलेला असतो. दोन-तीन दिवसांनी त्याला एक छोटा मेल, इंग्रजीत अर्थात, आणि क्रम असा: कुठली पोस्ट आणि कुठलं कॅम्पग्राउंड, आमच्या तारखा अमुक ते अमुक, आम्ही दोघं, गाडी इतक्या फुटांची आणि इतक्या अँपची, एक कुत्रा किंवा एकही नाही, जाहिरात वाचली आणि टॉयलेटसकट सगळी कामं मान्य आहेत, फोन नंबर. सहा-सात ओळी. गाडीचा एक फोटो जोडा. "आदरपूर्वक विनंती करतो की माझ्या अर्जाचा सहानुभूतीने विचार व्हावा" हे शाळेत शिकलेलं वाक्य त्यात घालू नका.

दहा-बारा दिवसांत उत्तर नाही आलं तर फोन करा. एकदा. सकाळच्या वेळात, त्यांच्या टाइमझोनप्रमाणे. रेंजर दिवसभर बाहेर असतात, व्हॉइसमेल ठेवायला शिका: नाव सावकाश, पोस्ट, तारखा, नंबर दोनदा. आपली नावं त्यांना एका दमात कळत नाहीत म्हणून स्पेलिंग सांगा.

## ८. फोनवरची मुलाखत

बहुतेक ठिकाणी ही गप्पांसारखी असते, म्हणून लोक तयारी करत नाहीत.

पहिली गोष्ट, दोघांनी बोलायचं. स्पीकरवर फोन ठेवून एकच जण सगळी उत्तरं देतोय आणि दुसरा मागून "हो हो" करतोय, हे पलीकडच्याला लगेच कळतं. त्याला शंका येते की दुसऱ्याला खरंच यायचंय का, कारण सीझनच्या मध्यात सोडून जाणारी जोडपी बऱ्याचदा अशीच असतात, एकाला हौस आणि दुसरा ओढला गेलेला. घरात आधी बोलून घ्या. खरंच.

एक प्रश्न कुठल्या ना कुठल्या रूपात येतोच. रात्री अकरा वाजता कुणी जनरेटर लावलाय, किंवा मोठ्याने गाणी, शेजारचा तक्रार घेऊन आला, काय कराल? चुकीचं उत्तर: बंद करायला लावीन. त्याहून चुकीचं: मी लक्ष देणार नाही. त्यांना ऐकायचं असतं ते असं, की शांततेची वेळ काय आहे हे जाऊन नम्रपणे सांगीन, अंधारात त्यांच्या साइटच्या आत घुसणार नाही, आवाज चढला किंवा दारू दिसली तर वाद न घालता मागे येईन आणि रेंजरला कळवीन. होस्ट म्हणजे पोलीस नाही. दंड करणं, माणसं बाहेर काढणं हे रेंजरचं काम. सोसायटीचे सेक्रेटरी राहिलेल्यांनी हे दोनदा वाचावं.

दुसरा नेहमीचा: राख कशी काढाल? वरून थंड दिसणाऱ्या राखेत खाली निखारे असतात. पाणी टाकून, ढवळून, हाताने अंदाज घेऊन, मग धातूच्या बादलीत, प्लास्टिकच्या पिशवीत कधीच नाही. हे उत्तर येतं म्हणजे तुम्ही कॅम्पिंग केलंय हे त्याला कळतं.

तुम्हीही विचारा. सुपरवायझर कोण, आठवड्यातून किती वेळा भेटतो, आधीचे होस्ट परत का येत नाहीयेत. शेवटचा प्रश्न जरा धीटपणाचा आहे पण त्याच्या उत्तरात, किंवा उत्तर द्यायला लागणाऱ्या वेळात, बरंच काही कळतं. शक्य असेल तर आधीच्या होस्टशी बोलायला मिळेल का हेही विचारा.

सावधान: दोन पार्कांना एकाच वेळी हो म्हणू नका. दुसरीकडून उत्तर यायचं असेल तर सरळ सांगा, मला शुक्रवारपर्यंत वेळ द्या. हो म्हणून आयत्यावेळी रद्द केलंत तर त्या पार्कात पुढच्या वर्षी अर्ज करायची सोय राहत नाही.

## ९. करारावर सही

फोनवर "यू आर इन" म्हणाले म्हणजे झालं नाही. फेडरल ठिकाणी व्हॉलंटियर सर्व्हिस ॲग्रीमेंट असतं, फॉर्म ओएफ ३०१ए, त्यावर दोघांच्या वेगळ्या सह्या. स्टेट पार्कांचे आपापले फॉर्म. काही पोस्टना पार्श्वभूमीची तपासणी असते, कधी बोटांचे ठसे, सरकारी गाडी चालवायची असेल तर लायसन्सची माहिती. याला वेळ लागतो, म्हणून कागद आला की त्याच दिवशी भरून पाठवा.

आता या लेखातली सगळ्यात महत्त्वाची ओळ. करारात कामांचं जे वर्णन लिहिलेलं असतं तेच तुमचं काम, आणि तेवढंच. फेडरल व्हॉलंटियरला काम करताना इजा झाली तर सरकारी कर्मचाऱ्यासारखी नुकसानभरपाई लागू होते, पण ती करारातल्या कामापुरती. वर्णनात चेनसॉ नाही आणि तुम्ही पडलेलं झाड कापायला गेलात, पाय कापला, तर अवघड होऊन बसतं. म्हणून जे जे फोनवर ठरलं, तास, सुट्ट्या, टॉयलेट, कार्ट, सरकारी गाडी, ते त्या वर्णनात आहे का बघा. नसेल तर घालून घ्या, कुणी वाईट मानत नाही. आणि कामात काही लागलं-पडलं तर त्याच दिवशी सुपरवायझरला सांगायचं, उद्या नाही.

तुमच्या स्वतःच्या आरव्हीवर फांदी पडली, तर मात्र पहिली धाव तुमच्या इन्शुरन्सकडेच. पॉलिसी काढून बघा, एकाच जागी चार महिने आणि त्यात राहणं हे तिच्यात बसतं का. एजंटला मेलवर विचारा, म्हणजे उत्तर लेखी राहतं.

हा करार दोन्ही बाजूंना कधीही संपवता येतो. तुम्हालाही, त्यांनाही.

## १०. निघण्याआधीचे दोन आठवडे

सुपरवायझरला फोन. रस्ता उघडला का, उंचावरच्या पार्कांत मेच्या शेवटीही बर्फ असतं. साइटवर पाणी सुरू झालं का, पाइप गोठतात म्हणून उशिरा सोडतात. गेटचा कोड काय. कुठल्या दिवशी, किती वाजेपर्यंत पोचायचं. शनिवारी संध्याकाळी भरलेल्या कॅम्पग्राउंडमध्ये मोठी गाडी मागे घेत बसू नका, आठवड्याच्या मधल्या दिवशी दुपारी पोचा.

पत्रं कुठे येणार ते ठरवा. औषधं ९० दिवसांची एकदम घ्या. पाण्याच्या नळासाठी प्रेशर रेग्युलेटर, विजेसाठी सर्ज प्रोटेक्टर, आणि सांडपाण्याचा पाइप थोडा जास्त लांबीचा, कारण होस्टच्या साइटवरचं तोंड नेमकं कुठे असेल सांगता येत नाही. युनिफॉर्म म्हणून टोपी किंवा व्हेस्ट तिथे मिळतं, पण बूट आणि कामाचे हातमोजे स्वतःचे न्या, नवीन बूट आधी घरी वापरून सैल करून.

कराराची एक छापील प्रत गाडीत ठेवा, रेंज नसलेल्या ठिकाणी मेल उघडत नाही. आणि तासांची वही पहिल्या दिवसापासून, दोघांची वेगळी. सीझनच्या शेवटी आठवून भरलेले तास कधीच जुळत नाहीत, आणि पास त्याच तासांवर मिळतो.